सुजलेलं मढं

श्रोतेहो, नमस्कार.

रक्त पिणारं भूत म्हटलं की सिनेमामुळे आपल्या डोळ्यांपुढे काळ्या झग्यातला फिकट, हडकुळा सरदार येतो. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे कुणाला पटलं नसतं. तिथलं थडग्यातून उठणारं मढं चांगलं सुजलेलं, लालबुंद तोंडाचं असे.

यॉर्कशरच्या एका मठातल्या विल्यम ऑफ न्यूबर्गनं ११९८ च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात, राजांच्या लढायांच्या मध्येच, अशा गोष्टी नोंदवल्यात. एकाला बायकोचा संशय होता. परगावी जातो असं सांगून तो रात्री तिच्या खोलीच्या तुळईवर दबा धरून बसला. नको ते दिसलं, तोल गेला, खाली आदळला आणि पापांची कबुली न देताच मेला. पुरला, तरी रोज रात्री बाहेर! मागे भुंकणारी कुत्री. आपला वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. इथं मेलेला स्वतःच उठतो.

गंमत अशी, की यात गळ्याला चावणं वगैरे नाही. त्याच्या नुसत्या फिरण्यानं हवा नासली आणि घराघरात साथ शिरली. बाप गमावलेल्या दोघा भावांनी शेवटी बोथट कुदळीनं थडगं उकरलं. घाव घालताच इतकं रक्त वाहिलं, की ते मढं म्हणजे टम्म फुगलेली जळूच वाटावी. काळीज उपटून काढलं, मग प्रेत जाळलं. साथ थांबली.

यॉर्कशरमधल्याच व्हॅरम पर्सी या ओसाड गावात मरणानंतर कापलेली, जाळलेली माणसांची हाडं सापडली आहेत. २०१७ साली अभ्यासकांनी त्याचं कारण सांगितलं, ते बहुधा हीच भीती.

माझ्या मते सिनेमानं दातांपेक्षा ही साथच जास्त जपली. १९२२ च्या ‘नोस्फेराटू’त पिशाच्च जहाजातून उंदीर आणि प्लेग घेऊन उतरतं. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये तर टीव्हीवरूनच सांगतात, प्रेतं ताबडतोब जाळा.

विल्यमकडे दुसराही एक उपाय आहे. बकिंगहॅमशरमधलं असंच प्रेत जाळणं लिंकनच्या बिशप ह्यूला अशोभनीय वाटलं. त्यांनी पापमुक्तीचं पत्र लिहून प्रेताच्या छातीवर ठेवायला लावलं. ते पुन्हा उठलं नाही. सिनेमावाल्यांना हा उपाय फारसा मानवलेला दिसत नाही. पत्रानं भूत गप्प झालं, तर तिकीट कोण काढणार?