पाच पिशव्या आणि काळा मसाला

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर खाकी कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या वाइनच्या पाच बाटल्या. मानेला सुतळी. स्केचपेनने लिहिलेले आकडे, 1 ते 5.)

नाशिक, गंगापूर रोड. फेब्रुवारीची अखेर, संध्याकाळचे सात. या पाच बाटल्यांत काय आहे हे घरात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो आज घोटही घेणार नाही. बाटल्या त्यानंच आणल्या, पिशव्यांत त्यानंच घातल्या. बुचं काढून शर्टाच्या खिशात टाकली, कारण बुचावरही वायनरीचं नाव असतं.

टेबलाभोवती आठ जण बसलेत. दातांचे एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले काका, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, हार्डवेअरचं दुकान चालवणारं एक जोडपं, दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार आणि त्यांच्या पत्नी. आणि हे घर ज्यांचं, त्या वहिनी. दर महिन्याला वर्गणी काढून हे लोक बाटल्या घेतात, चाखतात आणि जेवतात. यात वायनरीचा माणूस नाही, विक्रेता नाही. गट सुरू झाला तेव्हाच तसं ठरलं होतं. आमच्या कॅमेऱ्यासाठीही त्यांची एकच अट होती: लेबल दाखवायचं नाही. ती आम्ही पाळली आहे.

(नॅचरल साउंड: खुर्च्या सरकतात. वहिनींचा आवाज: "काका, थुंकायचं भांडं तुमच्या बाजूला ठेवते हं.")

उदबत्ती सकाळपासून लावलेली नाही. अत्तर, सेंट, गजरा आज नाही. स्वयंपाकघराचं दार बंद, कारण आत काळा मसाला परततोय आणि त्याच्या वासापुढे कुठल्याच पेल्यातलं काही कळणार नाही. टेबलावर पांढरी चादर अंथरली आहे. तिच्यावर पेला तिरका धरला की वाइनचा खरा रंग दिसतो.

(दृश्य: पहाटे चार. दिंडोरी तालुका. बागेत हेडलॅम्पचे उजेड, ओळीतून पुढे सरकणारे.)

टेबलावरचं पाणी थंड होतंय तोवर बागेत जाऊ. ही त्याच दिवशीची पहाट. तोडणी चालू आहे शेनिन ब्लाँची, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या एका द्राक्षाची. फेब्रुवारीत नाशिकला दुपारी ऊन तापतं आणि पहाटे अंगावर स्वेटर लागतो. या फरकानेच द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि म्हणून घड पहाटेच काढायचा. थंड घडातून थंड रस निघतो. तो लवकर काळवंडत नाही, त्याचा वास उडून जात नाही. सूर्य वर यायच्या आत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत.

हातातला घड जवळून बघा. मणी बारीक, गच्च, सालीला जाड, आत बी. बाजारात आपण घेतो ती थॉमसन किंवा सोनाका याच्या दुप्पट दिसते. खायच्या द्राक्षाला विरळणी करतात, मणी फुगावा म्हणून जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाच्या, द्रावणात घड बुडवतात. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नको. मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, तुरटपणा, बराचसा वास सालीतच असतो. म्हणून एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवायचा. बागायतदाराला हे किती अवघड जात असेल! ज्या जिल्ह्यात द्राक्षाचा मोठेपणा मण्याच्या आकारावर मोजला जातो, तिथे बारीक मणी पिकवायला मन घट्ट करावं लागतं.

वेलाचं वर्ष इथं दोन छाटण्यांचं. उन्हाळा तापला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या घडाची तयारी होते. मग पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्या छाटणीनंतर जो घड येतो तो जानेवारी ते मार्च काढायचा. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून त्याला कात्रीनं वेळापत्रक द्यावं लागतं. हे नाशिकच्या, सांगलीच्या, सोलापूरच्या माणसांनी वर्षानुवर्षं खायच्या द्राक्षावर शिकून ठेवलं होतं. वाइनला ते आयतं मिळालं.

(क्लोजअप: रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब. बागायतदार एक डोळा मिटून बघतात.)

बाईट, बागायतदार: "बावीसच्या वर गेलं की चालतं. पण मी मणी चावून पण बघतो. बी तपकिरी झालं पाहिजे. हिरवं असेल तर ब्रिक्स कितीही येऊ दे, थांबायचं."

बावीस-तेवीस ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर. यीस्ट ती खातं. एका लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल होतं. सगळी संपू दिली तर वाइन कोरडी, तेरा टक्क्यांच्या आसपासची. पण शेनिनच्या बाबतीत नाशिकमध्ये अनेकदा वेगळं करतात. स्टीलची टाकी मध्येच खूप थंड करतात, यीस्ट मंदावतं, थांबतं, आणि थोडी साखर वाइनमध्ये तशीच राहते. ही राहिलेली साखर लक्षात ठेवा. तिच्यावरूनच आज टेबलावर वाद झाला.

एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात.

(दृश्य: पुन्हा टेबल. पहिली पिशवी उचलली जाते.)

पन्नास मिलिलिटर. प्रत्येकाला प्रत्येक पिशवीतून एवढंच. साडेसातशेच्या बाटलीतून असे पंधरा पेले भरतात. आठ जणांना दिल्यावर जवळपास निम्मी बाटली उरते, ती जेवणाला.

पेला पोटाला नाही, दांड्याला धरायचा. हाताची ऊब लागली तर थंड वाइन कोमट होते. आधी रंग. मग न हलवता एक वास. मग पेला गोल फिरवून दुसरा वास, कारण हवा लागली की आत दबलेलं वर येतं. मग लहानसा घोट, ओठांतून थोडी हवा ओढत तोंडभर फिरवायचा. आणि थुंकायचा. थुंकताना नवखा माणूस लाजतो. इथं कुणी लाजत नाही, काकांचं तर एक थेंबही बाहेर पडत नाही.

पिशवी कशासाठी, याचं फार चांगलं उत्तर फ्रान्समधून आलेलं आहे. बोर्दोच्या विद्यापीठात वाइनचा अभ्यास करणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना संशोधकांनी दोन पेले दिले, एक पांढरी आणि एक लाल. दोन्हींत पांढरीच होती. एकीत वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा निबंध 2001मध्ये प्रसिद्ध झाला. डोळा नाकाला इतकं सांगत असेल, तर लेबल आणि किंमत किती सांगत असतील!

पहिल्या पिशवीचं गुपित टिकत नाही. जाड काच, बुडबुडे, स्पार्कलिंग. दुसरीत सोव्हिन्यों ब्लाँ, तीही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची. मॅडमनी पहिल्याच वासात ओळखली: ढोबळी मिरची, कच्चा पेरू. ढोबळी मिरचीला जो वास देतो तोच पायराझिन गटातला पदार्थ या द्राक्षात असतो, त्यामुळे हा नुसता भास नाही. तिसरी जराशी गोड, अननसाच्या वासाची. काकांनी पेला ठेवून दिला.

बाईट, काका: "सरबत आहे. वीसपैकी दहा. त्याच्या वर नाही देणार."

चौथीपाशी मात्र सगळे रेंगाळले, आणि आम्हीही रेंगाळलो. गडद जांभळी, कडेला लालसर. बागायतदारांच्या पत्नी म्हणाल्या, "मिरी. ताजी कुटलेली." दुकानवाल्या जोडप्यानं मान डोलावली. डॉक्टरांनी पेला नाकाला लावला, पुन्हा फिरवला, पुन्हा लावला.

(क्लोजअप: डॉक्टरांचं नाक पेल्यात. वहिनी खलबत्त्यात चार मिरे ठेचून वाटी पुढे करतात.)

"डॉक्टर, आधी हे हुंगा, मग ते."

"वहिनी, मिऱ्याचा येतोय. वाइनमध्ये नाही येत."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. चौथ्या पिशवीत होती शिराझ, लाल वाइनचं एक द्राक्ष. तिच्यातल्या मिऱ्याच्या वासामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे. तेच काळ्या मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी 2008मध्ये हे दाखवून दिलं, आणि सोबत आणखी एक गोष्ट दाखवली: पाचातल्या एका माणसाला या द्रव्याचा वास येतच नाही. मिरीत वासाची इतर द्रव्यंही असतात, म्हणून मिरी कळते. पेल्यातलं रोटंडोन कळत नाही. याचा अर्थ, एकाच टेबलावर, एकाच पिशवीतून, डॉक्टर आणि त्यांच्या शेजारची माणसं वेगवेगळी वाइन पीत होती. वाइनच्या चर्चेत समोरच्याला "तुला कळत नाही" म्हणण्याआधी हे माहीत असावं. मला तर वाटतं, प्रत्येक चाखणीच्या सुरुवातीलाच ते सांगावं.

पाचवी लाल, ओकच्या पिंपात मुरलेली. व्हॅनिला, देवदाराच्या पेटीचा वास, हिरड्यांना आवळणारा तुरटपणा. गुणांचे कागद गोळा झाले. पाचवी पहिली आली, तिसरी शेवटची.

आता स्वयंपाकघराचं दार उघडलं.

(दृश्य: वाफ. काळ्या मसाल्याचं मटण, वर तेलाचा तवंग. बाजरीच्या भाकरी. मिसळीचा रस्सा, पापड, कांदा, लिंबू. कोथिंबीर वडी. ठेचा.)

इथं गटाचा नियम असा की पिशव्या अजून काढायच्या नाहीत. उरलेली वाइन आकड्यांनुसार टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि ज्याला जी हवी ती त्यानं घ्यायची. आम्ही एक कॅमेरा वर लावून ठेवला होता. पुढचा पाऊण तास त्यानं बाटल्यांकडे जाणारे हात टिपले.

पहिल्यांदा सगळे पाचव्या पिशवीकडे गेले. पहिली आलेली बाटली, साहजिक आहे. मग भाकरीचा तुकडा रस्स्यात बुडवून एक घास, त्यावर एक घोट. आणि चेहरे बघा.

तिखट तोंडात अल्कोहोलचा जाळ वाढतो. टॅनिनचा, म्हणजे साल आणि पिंपातून येणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा कडवटाकडे झुकतो. ओकचा व्हॅनिला लवंग-दगडफुलापुढे कुठल्या कुठे जातो. दहा मिनिटांपूर्वी ज्या वाइनला सतरा-अठरा गुण पडले होते, ती आता नुसती तिखटावर तिखट लागत होती. चौथी, शिराझ, मटणाबरोबर बरी चालली. मीठ आणि चरबी टॅनिनला मऊ करतात, आणि तिची मिरी मसाल्याच्या जातकुळीतलीच. कोथिंबीर वडीला स्पार्कलिंग छान, तळणीचा तेलकटपणा त्यानं धुऊन निघतो.

आणि तिसरी? जिला काका सरबत म्हणाले ती? थंडगार, आंबटपणा धरून असलेली, थोडी साखर राहिलेली. मिसळीच्या रस्स्यावर ती घेतली की जाळ खाली बसतो आणि रस्स्यातला खोबऱ्या-कांद्याचा भाजका वास वर येतो. ती राहिलेली साखर नुसत्या वाइनमध्ये जड वाटते, रस्स्यापुढे ती जाणवतही नाही. वरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं: एकामागून एक हात तिसऱ्या पिशवीकडे जातायत. सगळ्यात आधी तीच संपली. पाचवी टेबल उचललं तेव्हाही उरली होती.

चाखण्याची ही पद्धत, कोरड्या तोंडानं, पावाचा तुकडा आणि पाणी घेऊन, जिथं तयार झाली तिथल्या जेवणाला ती शोभते. तिथं मिसळ नाही. आपण मात्र तेच मोजमाप घेऊन नाशिकच्या शेनिनला वर्षानुवर्षं "सुरुवात करणाऱ्यांची वाइन" म्हणत आलो. ती आपल्या ताटासमोर ठेवून कुणी तपासली? नाशिकमधल्या किती घरांत रविवारच्या मटणाबरोबर तालुक्यातली वाइन एकदा तरी ठेवून बघितली गेली असेल?

(दृश्य: जुन्या बागेतले सिमेंटचे खांब, वेल नसलेले. पुढे विंचूरच्या वाइन पार्कचा फलक.)

थोडा मागचा पट. ऐंशीच्या दशकात नारायणगावला उद्योजक शामराव चौगुलेंनी स्पार्कलिंग बनवून परदेशी पाठवली. नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या 2000 साली आल्या. 2001मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले, बागा वाढल्या. 2008नंतर मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या, कित्येकांनी वाइनच्या बागा उपटल्या. 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली, विरोध झाला, निर्णय मागे पडला.

(दृश्य: सुतळ्या सुटतात. पिशव्या एकेक करून खाली. लेबलं पुसट.)

पाचवी बोर्दोची निघाली. बाकी चारही नाशिक जिल्ह्यातल्या. तिसऱ्या पिशवीची किंमत पाचवीच्या पाव भागाइतकी. शेनिन ब्लाँ, दिंडोरी तालुका.

बागायतदारांनी बाटली हातात घेतली, मागचं लेबल चष्मा वर करून वाचलं.

बाईट, बागायतदार: "आम्ही घरच्यांनी हिच्याबरोबर रस्सा आज पहिल्यांदा खाल्ला. वायनरीला द्राक्ष द्यायला लागून बारा-तेरा वर्षं झाली असतील."

त्यांच्या पत्नींनी बाटलीचा फोटो काढून घेतला. गाड्यांसाठी दोन ड्रायव्हर बोलावले होते, ते दारात उभे होते.

पुढच्या महिन्याचं टेबलावरच ठरलं. पाचही पिशव्यांत शेनिन. एक दिंडोरीची, एक निफाडची, एक इगतपुरीच्या बाजूची, एक पूर्ण कोरडी, आणि एक फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, जिथून हे द्राक्ष मुळात आलं. जेवणात खान्देशी शेवभाजी आणि वांग्याचं भरीत. गुणांचा कागद जेवणानंतर वाटायचा, असं वहिनींनी सुचवलं आणि सात जणांनी हात वर केले.

काकांना ते पटलेलं नाही. कोरड्या तोंडानं एक फेरी आधी व्हायलाच हवी, नाहीतर वाइनमधला दोष मसाल्याखाली झाकला जाईल, हा त्यांचा मुद्दा. तो खोडता येत नाही. म्हणून आता कागद दोन असतील, एक जेवणाआधीचा, एक नंतरचा, आणि दोन्हींवरचे आकडे शेजारी शेजारी मांडायचं काम मॅडमनी घेतलं आहे.