नंबर जुळतात का?

(दृश्य: न्यूयॉर्कचं ब्रुकलिन. काळे लांब कोट, शाळा सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या मुली.)

निवेदन:
इथल्या सनातनी ज्यू घरांत लग्नं आजही मध्यस्थामार्फत जमतात. स्थळ आलं की घराणं बघतात, शिक्षण बघतात. आणि बोलणी पुढे सरकण्याआधी एक फोन होतो. त्यात नावं सांगायची नसतात, फक्त दोघांचे नंबर.

या फोनमागे टे-सॅक्स नावाचा आजार आहे. बाळ सुरुवातीला छान वाढतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास साध्या आवाजाला दचकू लागतं. बसायला लागलेलं बाळ बसेनासं होतं, दृष्टी जाते. बहुतेक मुलं पाच वर्षांचीही होत नाहीत. पूर्व आणि मध्य युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये साधारण ३० जणांत एक या आजाराच्या सदोष जनुकाचा वाहक असतो. तो स्वतः ठणठणीत असतो. पण आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

(दृश्य: सिनेगॉगमधली जुनी छायाचित्रं.)

१९६९ मध्ये या आजारात कोणतं एन्झाइम कमी पडतं ते कळलं आणि रक्तावरून वाहक ओळखता येऊ लागले. १९७१ मध्ये डॉ. मायकेल कॅबॅक यांनी मेरीलँडमधल्या बेथेस्डाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तपासणी शिबिर भरवलं. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या काही दशकांत अमेरिका आणि कॅनडातल्या ज्यूंमध्ये हा आजार नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

सनातनी घरांची अडचण मात्र वेगळी होती. गर्भपात त्यांना मान्य नव्हता, आणि मुलगी वाहक आहे असं बाहेर कळलं तर तिच्या धाकट्या बहिणींचीही लग्नं अडली असती. रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, योसेफ एकस्टाइन यांनी या आजारात स्वतःची चार मुलं गमावली होती. १९८३ मध्ये त्यांनी ‘दोर येशोरिम’ ही तपासणी करणारी संस्था सुरू केली. रक्त द्यायचं, नंबर घ्यायचा. निकाल कुणालाच सांगायचा नाही. दोन नंबर एकमेकांना चालतात की नाही, एवढंच उत्तर मिळतं. स्वतःच्या रक्तातली माहिती माणसापासूनच लपवावी का, असा आक्षेप यावर घेतला गेला. आक्षेपात तथ्य आहे. तरीही एका बापाने कुठल्याच मुलीवर शिक्का बसू दिला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

(दृश्य: समुपदेशकाची खोली. कागदावर वंशवृक्ष.)

स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांचं तसं नाही. इथे स्वतःचा निकाल स्वतःला कळावाच लागतो. अश्केनाझींमध्ये सुमारे ४० जणांत एकाकडे यातला दोष असतो. तो वडिलांकडूनही येतो, म्हणून आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारे समुपदेशक आत्या आणि वडिलांची आई यांच्याविषयी आवर्जून विचारतात. घरचे बहुधा मावशीपाशीच थांबतात.

(दृश्य: इस्रायलमधलं अश्दोद. मराठी बोलणाऱ्या दोन आज्या.)

आपल्या कोकणातले बेने इस्रायल हेही ज्यूच. पण त्यांच्या जनुकांत मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतातल्या लोकांचा, दोन्ही वारसा सापडतो. अश्केनाझींसाठी केलेली आजारांची यादी त्यांना जशीच्या तशी लावून चालत नाही. आज इस्रायलमध्ये एखाद्या मुलीची आजी रेवदंड्याची आणि आजोबा पोलंडचे असू शकतात. तिच्यासाठी समुपदेशक कागदावर दोन्ही गावं लिहून घेतात आणि मगच कोणत्या चाचण्या करायच्या ते ठरवतात.