पहाटेच्या देवळाची रात्र

(काळोख. काठावर आपटणारं पाणी. लांबून नावेच्या इंजिनाचा आवाज.)

बँकॉक. चाओ फ्राया नदीचा पूर्व काठ, था तिएनचा धक्का. सूर्य पलीकडच्या देवळामागे मावळलाय आणि त्या देवळाची नुसती काळी आकृती उरली आहे. कठड्याशी माणसं दाटीनं उभी आहेत. कुणी लेकराला खांद्यावर घेतलंय.

(पहिला उजेड. संगीत सुरू.)

हे वाट अरुण. थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ. हा अरुण म्हणजे आपलाच, सूर्याच्या रथाचा सारथी. 2022 पासून थायलंडचं पर्यटन प्राधिकरण वर्षअखेरीच्या सुमारास या नदीवर प्रकाशाचा उत्सव भरवतं. त्याचं नाव 'विचित्र चाओ फ्राया', थाई उच्चारात 'विचित'. मराठी कान या नावानं जरा दचकतात. पण थाई भाषेनं त्या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ सांभाळून ठेवलाय: नाना रंगांचं, देखणं.

(प्रांगवर रंग सरकतात. कॅमेरा जवळ जातो.)

मधला उंच मनोरा म्हणजे प्रांग, मेरू पर्वताचं रूप. त्याच्यावरच प्रोजेक्टरनं चित्रं पाडतात. सिनेमाचा पडदा सपाट असतो, इथे मात्र थरावर थर आहेत, कोनाडे आहेत, भार पेलणारे यक्ष आणि वानर आहेत. त्यामुळे आधी वास्तूचं बारीक मोजमाप घ्यावं लागतं आणि मगच चित्र तिच्या अंगाबरोबर बेततात. रेघ जरा जरी सरकली, तरी यक्षाचा चेहरा भलत्याच रंगात बुडतो. आवाजाला मात्र नदीच साथ देते. पाण्यावरून तो अलगद या काठापर्यंत येतो.

(संगीत मंदावतं.)

1767 साली ब्रह्मी सैन्यानं तेव्हाची थाई राजधानी अयुथ्या जाळली. पुढे राजा झालेला सेनानी ताक्सिन त्याआधीच आपली माणसं घेऊन निसटला होता. नंतर नदीतून येताना या देवळापाशी त्याला उजाडलं, अशी परंपरा सांगते. तोवर हे वाट माकोक होतं, तेव्हापासून ते वाट चेंग झालं, पहाटेचं देऊळ. जळालेलं शहर मागे सोडून आलेल्या माणसाला पहाटेचंच नाव सुचावं, हे मला फार खरं वाटतं. थोनबुरी त्याची राजधानी झाली आणि देऊळ राजवाड्याच्या आवारात आलं. आज पैलतीरावरच्या वाट फ्रा केओमध्ये असलेली, 'पाचूची' म्हणून ओळखली जाणारी बुद्धमूर्ती काही वर्षं इथेच होती. आज दिसतो तो उंच प्रांग राजा दुसरा राम याच्या काळात वाढवायला घेतला आणि राजा तिसरा राम याच्या काळात पुरा झाला.

(जवळून: फुलांची नक्षी.)

इथे थोडं थांबू. ही फुलं रंगवलेली नाहीत. चिनी मातीच्या फुटक्या ताटल्या आणि वाडगे, त्यांच्या खापऱ्या आणि शिंपले चुन्यात बसवून ती केली आहेत. चीनहून येणाऱ्या जहाजांचा तोल राहावा म्हणून तळाशी भरलेल्या भांड्यांमधल्या या खापऱ्या, असं सांगतात. नीट पाहिलं तर एखाद्या पाकळीत ताटलीची कड अजून ओळखू येते. प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात बसलाय, म्हणून उजेड पडला की अख्खा प्रांग एकदम चकाकत नाही, जागोजाग लुकलुकतो. बांधणाऱ्यांनी उजेडाचाच विचार केला होता. प्रोजेक्टरचे दिवे आत्ता आले. त्यांना झेलणारी भिंत मात्र पावणेदोनशे वर्षं तयार होती.

(दारावरचे दोन यक्ष.)

हिरवा तो तोत्सकान, म्हणजे दशकंठ, आपला रावण. पांढरा सहस्सदेच. इथले यक्ष आणि नदीपलीकडच्या वाट फोचे यक्ष एकदा भांडले, त्यांच्या झटापटीत काठ तुडवून सपाट झाला आणि त्यावरून 'था तिएन' नाव पडलं, अशी लोककथा आहे. प्रेक्षक उभे आहेत ते त्याच जागी.

(रंग विझतात. पुन्हा पाण्याचा आवाज. दृश्य बदलतं: पहाट.)

देवळाचं तोंड पूर्वेला, नदीकडे. ऊन था तिएनच्या बाजूनं येतं. आधी शेंड्यावरचं त्रिशूळ उजळतं. खाली ऐरावतावरचा इंद्र अजून सावलीत असतो. मग ऊन पायरी पायरीनं उतरतं, खापऱ्यांपर्यंत येतं आणि एक निळी पाकळी चमकते.