होम ते सेकंड

(दृश्य : पहाट. मैदानावर सुतळीचा गुंडा उलगडणारे हात.)

सोलापुरात बेसबॉलचं मैदान रोज नव्यानं आखावं लागतं. रात्री कुणाचा तरी कार्यक्रम होतो, कधी पाऊस येतो, कधी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलाच पुरतात. सकाळी कालची फक्की गायब. म्हणून प्रॅक्टिसच्या आधी पोरी सुतळी काढतात. ९० फुटांवर गाठ मारलेली असते. होमपासून, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या कोपऱ्यापासून, पहिला बेस ९०, तिथून दुसरा ९०, मग तिसरा, मग परत होम. पण चारी बाजू भरल्या म्हणून चौकोन जुळला असं होत नाही, तो पतंगासारखा कलतो. खरी परीक्षा कर्णाची. होमपासून सेकंड बेसपर्यंत सुतळी ताणायची : १२७ फूट ३ इंच, वर जराशी. तेवढी भरली की कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात. मग भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की.

सुतळीचं होमकडचं टोक धरून बसलेली मुलगी दहावीत आहे. १७ वर्षांखालील संघाची कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागं बसून चेंडू झेलणारी. मैदानावर तिला नावानं कुणी बोलावत नाही, नुसतं ‘ए कॅचर’. समोरची खेळाडू, चेंडू टोलवलेला नसतानाच, पहिल्यावरून सेकंड बेस चोरायला पळाली, की हिनं उकिडव्या बैठकीतून उठायचं आणि चेंडू थेट सेकंडला पोचवायचा. मधे उभी असलेली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, खाली वाकते. मघाची सुतळी जिथून गेली, तिथूनच चेंडू जातो.

(दृश्य : फेक. तीच फेक संथ गतीत.)

मोजून बघा, सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात. महाराष्ट्रात पुष्कळ मुली दोन्ही खेळतात, हीसुद्धा खेळते. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही खेळ परत येतायत, पण बेसबॉल पुरुषांचा आणि सॉफ्टबॉल महिलांचा. तिला हे माहीत आहे. तरी आवडतो बेसबॉलच.

(दृश्य : घर. शिलाई मशीन, भिंतीला लागून टॉवेलांची थप्पी.)

आई टॉवेल शिवते. कापलेला माल घरी येतो, कडा दुमडून शिलाई मारायची, मजुरी डझनावर. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. रातपाळी सुटली की लेकीला मैदानावर सोडतात, मग झोपतात. माग बंद झाल्यावरही कानात खडखड चालू असते म्हणे, म्हणून घरात सगळ्यांत मोठ्यानं तेच बोलतात.

चेंडू घरी आला तेव्हा आईनं तो आधी शिलाईच्या बाजूनं पाहिला. पांढरं चामडं, लाल दोरा, १०८ दुहेरी टाके. कुठल्या मशीनवर शिवतात, असं तिनं विचारलं. मशीनवर नाही, हातानं शिवतात, असं कळल्यावर म्हणाली, “हातानं व्हय? मग डझनाला काय देत असतील ओ?”

(दृश्य : रस्त्याकडेचं चप्पल-दुरुस्तीचं दुकान. ग्लोव्ह जवळून.)

ऐन हंगामात ग्लोव्हची वादी तुटली. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जाळी ज्या वादीनं बांधलेली असते, तीच. नवा कॅचर ग्लोव्ह घ्यायचा तर महिन्याचं गणित कोलमडतं. काकांनी असला हातमोजा आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी आधी तो स्वतःच्या हातात घालून बघितला, दोनदा मूठ मिटली, मग जुनी वादी कुठून कुठं गेलीय ते बोटानं चाचपत राहिले. बॅगेच्या पट्ट्याचं चामडं काढलं, रापीनं अरुंद कापलं, तेल चोळलं, आरीनं एकेक भोक मोकळं करत ओवलं. शेवटची गाठ बाहेरून मारायची की आतून, यावर कॅचरचा आणि त्यांचा बराच वेळ वाद झाला. गाठ बाहेरूनच बसली, आत असती तर तळहाताला रुतली असती. पैसे सांगताना काका म्हणाले, “आधी खेळून ये. टिकली तर दे.”

टिकली.

(दृश्य : बसच्या खिडक्या, किटच्या बॅगा, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी.)

शालेय स्पर्धांची वाट जिल्हा, विभाग, राज्य अशी जाते. जिल्हा जिंकला. विभागात दुसऱ्या सामन्यात हरल्या. त्याच सामन्यात तिचा खांदा दुखावला, प्रवासासाठी वडिलांनी घेतलेली उचल पगारातून कापली जातेय, आणि सहामाहीला गणितात गुण घसरले.

(दृश्य : भर दुपार, मैदान. रचलेल्या खुर्च्या, अर्धवट उभा मांडव.)

खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. कागदावर हे सगळं आहे. पिचरला उभं राहायला मातीचा एक कायमचा उंचवटा आणि होममागं उभी राहील अशी एक जाळी, एवढं मात्र या शहरातल्या या पोरींना अजून मिळालेलं नाही. काळ्या रानातली माती पावसात बुटाला चिकटते, उन्हात दगड होते. उंचवटा दर वेळी घमेल्यानं वाहून करायचा. घमेलं आईचं.

(दृश्य : कॅचर मास्क चढवते.)

पुढच्या वर्षी ती १९ वर्षांखालील गटात. तिथल्या पिचरचा चेंडू अंगावर येतो, हा मास्क चालायचा नाही. वडिलांनी नव्याचा भाव काढून ठेवलाय. आईची अट एकच : आधी बोर्डाचे पेपर, मग मास्क. खांद्याचा व्यायाम मात्र आजपासून, रोज, तिच्या मशीनसमोर बसून.