वहीतली उभी रेघ
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी स्वातंत्र्यापूर्वीच्या काँग्रेसमधल्या दोन गटांवरचा एक प्रश्न ठरलेला असायचा : ‘जहाल व मवाळ यांच्यातील फरक स्पष्ट करा.’ मुलं पट्टी घेऊन पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. एका बाजूला टिळक, लजपतराय, बिपिनचंद्र पाल. दुसऱ्या बाजूला गोखले, फिरोजशहा मेहता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी. मी लाल पेनानं बरोबरची खूण करत पुढं जायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘सर, आगरकर कुठल्या बाजूला लिहू?’ मी म्हणालो, ‘ते परीक्षेत येत नाही.’ ते उत्तर मला आजही सलतं.

आगरकरांना कुठं लिहायचं? 1882 साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यावर टीका केल्याबद्दलच्या बदनामीच्या खटल्यात, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढलेला हा माणूस. ‘केसरी’चा पहिला संपादक. पुढं 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1891 साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं, एवढाच प्रश्न. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करू नये, म्हणून टिळक विरोधात गेले. आता या एका प्रश्नावर जहाल कोण आणि मवाळ कोण? रेघ तीच ठेवलीत तर नावं इकडची तिकडं करावी लागतात. नावं जागेवर ठेवायची तर रेघच पुसावी लागते.

आणि हे शब्द तरी निर्मळ आहेत का? आपण विष जहाल म्हणतो, औषध जहाल म्हणतो. त्यात धग आहे, ताकद आहे. मवाळ म्हणजे मऊ, दाबलं की दबणारं. इंग्रजीत याच दोन पक्षांना जी नावं होती त्यांचा कल नेमका उलटा होता. तिथं ‘मॉडरेट’ म्हणजे समंजस आणि ‘एक्स्ट्रिमिस्ट’ म्हणजे टोकाला गेलेला. म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला गोखले शहाणे वाटणार आणि मराठी वाचणाऱ्याला टिळक शूर वाटणार, दोघांचं एक वाक्यही न ऐकता! त्या काळच्या मराठीत गोखल्यांच्या पक्षाला ‘नेमस्त’ असाही शब्द होता. नेमका, बेताचा, मोजून-मापून वागणारा. किती चांगला शब्द! पण तो मागं पडला आणि ‘मवाळ’ टिकला. 1902 साली कलकत्त्याच्या कौन्सिलात उभं राहून, तुमच्या तिजोरीत शिल्लक पडते ती रयतेवर कर जास्त लादलेत म्हणून, मिठावरचा कर कमी करा, असं व्हाइसरॉयच्या तोंडावर आकड्यांनिशी सांगणाऱ्या माणसाला मऊ म्हणायचं? त्यात गोखल्यांवर अन्याय झाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या शब्दांचं खरं स्वरूप सर्वांत आधी ओळखलं ते खुद्द टिळकांनी. जानेवारी 1907 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात ते म्हणाले की या दोन नावांचं नातं काळाशी आहे. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. दादाभाई नौरोजींनी आपले विचार पहिल्यांदा मांडले तेव्हा त्यांनाही जहालच म्हटलं गेलं होतं, याची त्यांनी आठवण दिली.

त्याच्या काही दिवस आधी, 1906 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, दोन्ही पक्षांनी मिळून स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव केले होते. शब्द एकच, मतं दोन्हीकडची. पण ‘बहिष्कार’ म्हणजे काय? एकाच्या मते बंगालपुरता, परदेशी मालावरचा. दुसऱ्याच्या मते देशभर, आणि मालापुरता नव्हे, तर सरकारी शाळा-कचेऱ्यांवरसुद्धा. ‘स्वराज्य’ या शब्दाचंही तेच. वर्षभरानं सुरतेत खुर्च्या उडाल्या, व्यासपीठावर जोडा आला, काँग्रेस दुभंगली. एका शब्दाखाली दोन अर्थ दडवून घाईनं केलेली एकी वर्षभरही टिकली नाही.

टिळकांचं म्हणणं त्यांच्याच पक्षाला लागू पडलं. मंडालेच्या तुरुंगातून सुटून आल्यावर 1914 साली त्यांनी महायुद्धात सरकारला साह्य करावं असं जाहीर केलं. 1919 मध्ये अमृतसरच्या काँग्रेसमध्ये सरकारनं देऊ केलेल्या नव्या राजकीय सुधारणांबाबत त्यांची भूमिका प्रतियोगी सहकारितेची होती, म्हणजे सरकार जेवढं सहकार्य करील तेवढंच आपण करायचं. टिळक गेले, असहकार आला, आणि त्यांचे वारसदार म्हणवणारे न. चिं. केळकर आणि मंडळी गांधींच्या लोकांना मवाळ वाटू लागली. मग फेरवाले (कौन्सिलात शिरावं म्हणणारे) आणि नाफेरवाले (कौन्सिलांवरचा बहिष्कार तसाच ठेवावा म्हणणारे) अशी नवी नावं आली.

आता आजचं. ‘डावा-उजवा’ हे शब्द फ्रान्समधल्या सभागृहातल्या बसण्याच्या जागांवरून आले. पण मराठीत ते रिकाम्या हातानं आले नाहीत. आपल्याकडं एखादा दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो, कूस ‘उजवते’, आणि नको त्याला आपण ‘डावलतो’. मग ‘तो डावा आहे’ हे वाक्य मराठी कानाला माहिती वाटेल की निवाडा? ‘पुरोगामी’चं तर फार वाईट झालं. पुढं जाणारा, एवढाच त्याचा अर्थ. आज तो काही घरांत आशीर्वादासारखा उच्चारला जातो आणि काही घरांत शिवीसारखा, आणि दोन्हीकडं ‘पुढं म्हणजे कुठं?’ असं कोणी विचारत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडं पटसंख्या कमी म्हणून एक मराठी शाळा बंद करायचं घाटत होतं. मी विरोधात चार ओळी लिहिल्या. त्याच आठवड्यात देवळातला कीर्तनसप्ताह चालू राहावा म्हणून वर्गणी दिली. एसटी स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, ‘सर, तुम्ही डावे झालात म्हणे?’ त्याच्याबरोबरचा दुसरा म्हणाला, ‘छे, सर तर आता देवळात असतात.’ दोघंही गुणी मुलं, दोघांच्याही वह्यांवर मीच लाल खुणा केलेल्या. मी विचारलं, ‘कशाबद्दल म्हणताय, शाळेबद्दल की सप्ताहाबद्दल?’

दोघं थांबले. मग पहिला म्हणाला, ‘शाळेबद्दल. माझी पुतणी तिथंच आहे, दुसरीत.’ दुसऱ्यानं विचारलं, ‘बंद झाली तर ती जाणार कुठं?’ पुढची शाळा हायवेच्या पलीकडं आहे. त्या चौकात सकाळी ट्रक किती असतात, हे त्या दोघांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांची एसटी येऊन गेली तरी आम्ही तिथंच उभे होतो.