चाळणीच्या भोकांचं माप : स्विंग ट्रेडिंगसाठी स्वतःचा स्क्रीनर

नमस्कार मंडळी. आपल्या कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा जाणता व्यापारी प्रत्येक रव्यापुढं, म्हणजे गुळाच्या ढेपेपुढं, थांबत नाही. रंग गेलेला, पाझरलेला माल तो नजरेनंच मागं टाकतो आणि उरलेल्या थोड्या रव्यांचा कण हातात घेऊन बघतो. स्क्रीनर, म्हणजे अटी लावून शेअर गाळणारी चाळणी, त्याचं काम तेवढंच आहे. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) दोन हजारांहून जास्त कंपन्या आहेत आणि संध्याकाळच्या तासाभरात दहा-बारा चार्टच नीट बघून होतात. बाकीचे सगळे कारण देऊन बाजूला काढायचे. त्यामुळं स्क्रीनर बांधताना 'कुठला शेअर हवा' यापेक्षा 'कुठला नको' हे आधी लिहून काढा.

पहिला माल म्हणजे डेटा. बाजार साडेतीनला बंद होतो आणि संध्याकाळी एनएसई त्या दिवसाची भावकॉपी, म्हणजे सगळ्या शेअरांच्या भावांची फाइल, देते. दोन-तीन दिवस ते दोन-तीन आठवडे शेअर धरणाऱ्याला, म्हणजे स्विंग ट्रेडिंग करणाऱ्याला, हा दिवसअखेरचा डेटा पुरतो, मिनिटामिनिटाच्या भावाची गरज नाही. फक्त ईक्यू सिरीज, म्हणजे नेहमीचे शेअर, ठेवा. बीई म्हणजे ट्रेड-टू-ट्रेड, तिथं डिलिव्हरी सक्तीची. एसएम म्हणजे लहान उद्योगांचा मंच, तिथं लॉटमध्येच व्यवहार. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. एक्स्चेंजच्या एएसएम आणि जीएसएम या देखरेखीच्या याद्यांतले शेअरही काढून टाका. इतिहास किमान दोन वर्षांचा, म्हणजे साधारण ५०० सत्रांचा हवा. २०० दिवसांची सरासरी काढायलाच २०० सत्रं खर्ची पडतात.

आता बिघाड कुठं होतो ते सांगतो, कारण पुष्कळ स्क्रीनर इथंच फसतात. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्स एकास एक बोनसनंतरच्या (एका शेअरमागं एक फुकट) भावानं उघडला. डेटा दुरुस्त केला नसेल तर चार्टवर एका रात्रीत भाव निम्मा झालेला दिसतो. एटीआर (शेअर दिवसाला सरासरी किती हलतो त्याचं माप) फुगतो, २०० दिवसांची सरासरी कित्येक महिने भावाच्या डोक्यावर बसते आणि चांगला शेअर यादीत येतच नाही. ५ जानेवारी २०२४ ला नेस्ले इंडियाच्या एका शेअरचे दहा झाले, तिथं तर भाव एक दशांश दिसेल. जुने भाव दोननं किंवा दहानं भागायचे, हे बहुतेक जण करतात. जुना व्हॉल्यूम (किती शेअरांचा व्यवहार झाला तो आकडा) तेवढ्यानंच गुणायचा, हे मात्र विसरतात. मग बोनसनंतरचा रोजचाच व्हॉल्यूम दुप्पट दिसतो आणि स्क्रीनर उगाच 'मोठी खरेदी' म्हणून इशारा देतो. म्हणून एक साधी तपासणी कायम चालू ठेवा : आजचा ओपन (उघडतानाचा भाव) कालच्या क्लोजपासून (बंद भावापासून) २० टक्क्यांहून जास्त लांब असेल तर ती ओळ लाल करा आणि कंपनीची घोषणा वाचूनच पुढं जा.

नावंही बदलतात. २०२५ मध्ये झोमॅटोचं एक्स्चेंजवरचं चिन्ह इटर्नल झालं, चिन्हावर जोडलेला इतिहास तिथं तुटला. आयएसआयएनवर (शेअरच्या ओळख क्रमांकावर) जोडावं म्हटलं, तर फेस व्हॅल्यू (शेअरची दर्शनी किंमत) बदलली की तोही बदलतो. जुन्या-नव्याचा एक तक्ता हातानं ठेवावाच लागतो, याला पळवाट नाही.

आता अटी. सगळ्यात आधी उलाढाल. मागच्या २० सत्रांच्या रुपयांतल्या उलाढालीची मध्यिका (आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधला येतो तो) १० कोटींच्या वर हवी. सरासरी नको. एकाच दिवशी झालेला मोठा ब्लॉक व्यवहार सरासरीला वर ओढतो, मध्यिकेला नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी लहान कंपनी आपल्या माहितीची असते, कारखान्यात शिफ्टा जोरात चालल्यात हे दिसतं. पण तिची दिवसाची उलाढाल काही लाखांची असेल तर विकायच्या दिवशी समोर घेणारा सापडत नाही. ती गुंतवणुकीच्या वहीत ठेवा, इथं नको.

मग कल : क्लोज ५० दिवसांच्या सरासरीच्या वर, ती सरासरी २०० दिवसांच्या वर, आणि २०० ची सरासरी २० सत्रांपूर्वीपेक्षा वर.

त्यानंतर ब्रेकआउट, म्हणजे आजचा क्लोज मागच्या २० दिवसांच्या उच्चांकापेक्षा मोठा, आणि इथं एका ओळीची चूक सगळं बिघडवते. समजा एक्सेलमध्ये डी स्तंभात हाय आहे आणि आजची ओळ २५० वी. मागच्या २० दिवसांचा उच्चांक डी २३० ते डी २४९ मधून घ्यायचा. डी २३१ ते डी २५० घेतलं तर आजचा हायही त्यात येतो. क्लोज हायपेक्षा मोठा कधीच असू शकत नाही, म्हणून यादी रोज रिकामी. मग माणूस वैतागून 'मोठा' ऐवजी 'मोठा किंवा समान' लिहितो आणि यादी भरते. पण ती कशानं भरते? बरोबर दिवसाच्या उच्चांकावर बंद झालेल्या शेअर्सनी, आणि त्यात अप्पर सर्किटला (दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला) अडकलेले पुष्कळ. तिथं विकणाराच नसतो. व्हॉल्यूमलाही हाच नियम : आजचा व्हॉल्यूम आज सोडून मागच्या २० सत्रांच्या सरासरीच्या किमान दीडपट. दिवाळीचं मुहूर्ताचं तासाभराचं सत्र त्या सरासरीतून वगळा, नाहीतर पुढचे २० दिवस सरासरी खाली राहते.

क्लोज दिवसाच्या पट्ट्यात वरच्या ३० टक्क्यांत हवा. क्लोजमधून लो वजा करा, हाय-लोच्या फरकानं भागा, उत्तर ०.७ च्या वर पाहिजे. दिवसात वर जाऊन, चार्टवर लांब शेंडी सोडून खाली आलेले शेअर इथंच गळतात.

आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा) घालायचा का, हे हमखास विचारलं जातं. माझं मत : या अटींनंतर गरज नाही. २० दिवसांच्या उच्चांकावर बंद झालेल्या शेअरचा आरएसआय वर असणारच. तीच क्लोजची रांग पुन्हा मोजून नवा पुरावा मिळत नाही. तरी घालणार असाल तर आरएसआयचा जनक वाइल्डरनं १९७८ मध्ये मांडली तीच पद्धत वापरा, वाढीला आणि घसरणीला वेगवेगळी : कालची सरासरी गुणिले १३, अधिक आजचा आकडा, भागिले १४. नेहमीचं १४ चं ईएमए (ताज्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी) लावलं किंवा इतिहास तोकडा घेतला की तुमचा आकडा आणि चार्टवरचा आकडा जुळत नाही.

आता यादीतला शेअर घेताना. समजा क्लोज ४२० आणि १४ दिवसांचा एटीआर १२. स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, दोन एटीआर खाली, म्हणजे ३९६. भांडवल ३ लाख, एका सौद्यात एक टक्का जोखीम, म्हणजे ३,००० रुपये. भागिले २४, म्हणजे १२५ शेअर. पण सिग्नल क्लोजवर आला, खरेदी दुसऱ्या दिवशी ओपनला होणार. ओपन ४२६ झाला तर स्टॉप ३९६ च राहतो, अंतर ३० होतं आणि शेअर १०० च घ्यायचे. ४३२ च्या वर, म्हणजे एका एटीआरहून जास्त गॅपनं उघडला तर सोडून द्या. जुन्या डेटावर चाचणी घेतानाही दुसऱ्या दिवशीचा ओपनच धरा, सिग्नलच्याच क्लोजला खरेदी धरली की नफा खोटा दिसतो. आजची निफ्टी ५०० ची यादी घेऊन २०१८ तपासू नका, त्यात मधल्या काळात बाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्या नसतात. खर्चात डिलिव्हरीवर दोन्ही बाजूंना ०.१ टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) आणि नफ्यावर २३ जुलै २०२४ पासूनचा २० टक्के अल्पकालीन कर धरा.

शेवटचा स्तंभ तिमाही निकालाच्या तारखेचा. पाच सत्रांत निकाल असेल तर तो शेअर त्या दिवशीच्या यादीतून खाली. निकालाच्या सकाळी भाव ३८० ला उघडला तर ३९६ चा स्टॉप ३८० लाच लागतो, आणि ४२० ला घेतलेल्या १२५ शेअर्सवर ३,००० ऐवजी ५,००० रुपये जातात.