काट्यावर आकडा, पडद्यावर कचरा

(पहाट. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.)

दिवाळी सरली की हिंगणघाटच्या आसपास सकाळ अशी उजाडते. गाडी काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. मधला फरक म्हणजे कापूस.

या काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारा डबा, जुना आहे. आत ८०५१ घराण्यातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपेत मावलेला छोटा संगणक. इंटेलनं हे घराणं १९८० साली आणलं, आणि ते अजून राबतंय. प्रिंटचं बटण दाबलं की इंडिकेटर सिरियल केबलनं वजन सांगतो, संगणक पावती छापतो.

आज इंडिकेटरवर आकडा स्वच्छ आहे, संगणकावर मात्र चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पावत्या हातानं फाडणं सुरू झालंय. रांगेतून आवाज येतो, "काटाच बिघडला असन, भाऊ! आमचा कापूस कमी भरन."

वर्ध्याहून आलेला मेकॅनिक पोरगा डबा उघडतच नाही. काटेवाल्या काकांकडे टाचणी मागतो. केबल इंडिकेटरपासून सोडवतो, नऊ पिनांच्या त्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना टाचणीनं जोडतो आणि कीबोर्डवर काहीबाही बडवतो. जे बडवलं तेच पडद्यावर परत येतं. टाचणी काढली की बंद. म्हणजे संगणक, यूएसबी कन्व्हर्टर आणि केबल, तिघंही निर्दोष.

तसा कचरा दिसणं ही बरी खबर. काहीच आलं नसतं तर २ आणि ३ ची अदलाबदल शोधा, ५ नंबरची ग्राउंडची तार तपासा. इथं बोलणं पोचतंय, कळत नाही एवढंच.

(मल्टीमीटरचा काटा.)

इंडिकेटरच्या पोर्टवर उणे आठ व्होल्टच्या आसपास. घाबरू नका, या सिरियल जोडणीचा नियम म्हणजे आरएस-२३२, आणि त्याची तार गप्प असताना ऋणच असते. चिप ५ व्होल्टात बोलते, मधे मॅक्स-२३२ नावाची दुसरी चिप दुभाष्याचं काम करते. हा दुभाषी गाळून चिप थेट पोर्टला जोडणारे महाभाग आहेत. त्यांच्या चिपा जळतात.

आता झाकण उघडतं. चिपेशेजारी चकचकीत क्रिस्टल, म्हणजे चिपेला ठेका देणारं घड्याळ, त्यावर छापलंय १२.०००. पावसाळ्यात बोर्ड दुरुस्तीला गेला होता. मिळाला तो क्रिस्टल बसवला गेला. हवा होता ११.०५९२ मेगाहर्ट्झचा. विचित्र दिसणाऱ्या या आकड्याला आधी १२ नं, मग ३२ नं, मग ३ नं भागा, चिप आत असंच भागते: नेमके ९६००, म्हणजे संगणकाशी ठरलेला वेग, सेकंदाला इतके बिट. बारा मेगाहर्ट्झवर तोच हिशेब १०४१७ वर जातो, साडेआठ टक्के पुढे. एका अक्षराचे दहा बिट. शेवटच्या बिटापर्यंत घसरण जवळजवळ अख्ख्या बिटाएवढी होते. वजन दाखवायला एवढं काटेकोर घड्याळ लागत नाही, म्हणून आकडा बरोबर आणि काटा बदनाम.

खात्रीसाठी पोरगा संगणकावर वेग १०४१७ टाकतो. चौकोनांच्या जागी वजन उभं राहतं.

"मंग असंच राहू दे ना, बाबू! गाड्या खोळंबल्या."

"काका, उद्या कॉम्प्युटर बदलला तं पुन्हा हेच. दहा मिनिटं द्या."

(सोल्डरचा धूर. प्रिंटरची खरखर.)

वेग पुन्हा ९६००. पहिली छापील पावती रांगेतला म्हातारा दोनदा वाचतो, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवतो. काढलेला क्रिस्टल काकांनी टाचण्यांच्या डबीत टाकलाय.